आठवण शाबूत, माणूस बदललेला: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घराचं प्रकरण

मेहुण्याच्या तेरवीला आबाजी पहिल्याच पंगतीत बसले. बुंदी वाढणाऱ्या पोराचा हात धरून त्यांनी चार वेळा पत्रावळीवर ओतून घेतली. जेवणं आटोपल्यावर त्यांची धाकटी बहीण भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडायला लागली. तिचा नवरा जाऊन तेरा दिवस झाले होते. आबाजींनी तिला हाताने बाजूला केलं आणि म्हणाले, "बुंदी मस्त झाली वं. पाक जरासा कमी पडला." मग चप्पल शोधायला निघून गेले.

तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. आजाराचं नाव कळायला तिथून पुढे तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत गावाने त्यांना निर्लज्ज म्हटलं, चोर म्हटलं. बहिणीने माहेर तोडलं. मोठ्या मुलाने एकदा बापावर हात उगारला आणि मग स्वतःच गोठ्यात जाऊन रडत बसला. आणि या तीनही वर्षांत कोणी विचारलं असतं, "आबाजी विसरतात का?" तर घरातल्या प्रत्येकाने खरंखरं सांगितलं असतं, "नाही."

म्हणून हे प्रकरण लिहून ठेवते आहे. आपण डिमेन्शियाला स्मृतिभ्रंश म्हणतो. शब्द चांगला आहे, पण तो सगळ्यांची नजर आठवणीकडे वळवतो. या घरात आठवण कुठेच गेली नव्हती. गेली होती ती भीड, लाज आणि दुसऱ्याबद्दलची कणव. आणि ते गेलं की गावाला आजार दिसत नाही, माणसाचा वाईट स्वभाव दिसतो.

मी ग्रामीण भागात आरोग्याचं काम करते. या घरी सव्वादोन वर्षं माझं जाणंयेणं आहे. घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि गाव ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. नातवंडं त्यांना आबाजी म्हणतात, तेच इथे वापरते. त्यांच्या पत्नीला मी मावशी म्हणते.

आधीचा माणूस

वर्धा नदीच्या अंगाचं गाव. ९ एकर कोरडवाहू वावर, त्यात कपाशी आणि तूर, एका तुकड्यात सोयाबीन. एक बैलजोडी. दोन मुलं, एक मुलगी. मोठा मुलगा शेती पाहतो, धाकटा पुण्याला कंपनीत. आबाजी दहावी झालेले. दारू नाही, खर्रासुद्धा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना या गावात आजही संध्याकाळी होते आणि तिथल्या भजनी मंडळाचा जमाखर्च वीस वर्षं आबाजींच्या वहीत होता. वही मी पाहिली आहे. अगरबत्तीच्या पुड्याचे पैसेसुद्धा तारखेसह लिहिलेले.

गोड बोलणारा माणूस कधीच नव्हता. मावशी सांगतात, तीस वर्षांत तोंडाने कधी "बरी हायेस का" असं विचारलं नाही. पण दर मंगळवारी बाजारातून येताना फुटाण्याची एक पुडी आणायचे. अर्धी स्वतः खायचे, उरलेली पुडी कागद दुमडून तिच्या उशाशी ठेवायचे. बोलायचे काहीच नाहीत.

हे मुद्दाम सांगते आहे. स्वभाव बदलला असं म्हणताना आधीचा स्वभाव नेमका काय होता हे माहीत लागतं. बाहेरचा माणूस म्हणेल, आबाजी आधीही अबोल, आताही अबोल, बदललं काय? मावशींना विचारा. त्यांच्या मते आजार त्या मंगळवारी आला, ज्या मंगळवारी आबाजींनी अख्खी पुडी वाटेतच संपवली.

काय काय होत गेलं

तेरवीच्या आधीचं वर्षभराचं आता आठवून पाहिलं की सापडतं. भजनाला जाणं कमी झालं. वहीत पुढच्या नोंदीच नाहीत. शेतात उभं राहून नुसतं पाहत राहायचे, निंदणाला बाया आल्या आहेत की नाही याची फिकीर नाही. घरच्यांना वाटलं, थकले. नंतर गोडाची ओढ सुरू झाली. ज्यांनी आयुष्यभर बिनसाखरेचा चहा मागितला, ते डब्यातली साखर मुठीने खाऊ लागले. गुळाची अर्धी भेली दोन दिवसांत संपायची. दुकानात जाऊन बिस्किटाचा पुडा उचलायचा, तिथेच फोडायचा, खात खात घरी यायचं. पैसे देण्याचा विषय नाही आणि चोरल्यासारखं लपवणंही नाही. दुकानदाराने चारचौघांत खडसावलं तेव्हा आबाजी त्याच्याकडे पाहत दुसरा पुडा फोडत होते.

मग चालणं आलं. सकाळी, दुपारी, दिवे लागताना अशी रोज तीन वेळा तीच पांदण, तोच बाभळीचा वळसा, तिथून तेच माघारी. पाऊस असो की मे महिन्यातलं ऊन. कोणी अडवलं तर ढकलून द्यायचे.

सर्वांत कठीण गोष्ट हातपंपावर झाली. शेजारघरच्या सुनेला ते असं काही बोलले की इथे लिहिता येत नाही. तिचा नवरा काठी घेऊन आला. पोलीस पाटलांनी मध्ये पडून मिटवलं, पण घराची मान खाली गेली ती गेली. घरातही आंघोळ करून तसेच उघडे अंगणात यायचे. त्यांची स्वतःची सून आत पळायची.

आणि एक प्रसंग मावशींनी मला तिसऱ्या की चौथ्या भेटीत, तांदूळ निवडता निवडता सांगितला. पावसाळ्यात ओट्याच्या पायरीवरून घसरून त्यांचं मनगट मोडलं. त्या तिथेच पडलेल्या, हात वाकडा झालेला. आबाजी बाहेरून आले, त्यांना ओलांडून वर चढले आणि विचारलं, "भाकरी कवा टाकतं?"

"मी इव्हळत व्हतो," मावशी म्हणाल्या, "अन् ते माह्या तोंडाकडे पाहून रायले व्हते. पाहत व्हते नाई का बाई? दिसत तं व्हतंच त्यायले."

दिसत होतंच. पण त्या दिसण्याने आत काही हललं नाही. या आजारात डोळ्यांना दुसऱ्याचं दुःख दिसतं, ते मनापर्यंत पोचवणारी वाटच मेंदूतून पुसली जाते. पण हे समजायला आम्हाला फार उशीर झाला.

आमची चूक

आशाताईंनी या घरात आरोग्य तपासणीचा फॉर्म भरला होता. त्यात वयस्कर माणसाबद्दल एक प्रश्न असतो: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? उत्तर "नाही" आलं, आणि ते बरोबरच होतं. "गेल्या दोनतीन वर्षांत माणूस वेगळाच वागायला लागला आहे का?" असा प्रश्न त्या फॉर्मात नाही.

पहिल्या भेटीत मीही तेच केलं. तारीख विचारली, वार विचारला. विहीर, सायकल, लिंबू असे तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारले. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. सगळं बिनचूक. कापसाला कोणत्या साली काय भाव मिळाला ते त्यांनी न विचारता धडाधड सांगितलं. या सगळ्यात त्यांची नजर माझ्यासमोरच्या बशीवर होती. बोलता बोलता त्यांनी माझ्या बशीतली तिन्ही बिस्किटं उचलून खाल्ली. मी ते पाहिलं आणि कागदावर उतरवलं नाही. माझ्या रजिस्टरात त्या दिवशीची नोंद आहे: "स्मरणशक्ती उत्तम. कौटुंबिक कलह." ती नोंद मी खोडलेली नाही.

त्याआधी घरच्यांनी जे जे करायचं ते केलं होतं. गावात दोन शब्द तयारच असतात, साठी बुद्धी नाठी आणि म्हातारचळ. पहिल्याने आजार म्हातारपणात मुरून जातो, दुसऱ्याने तो पापाच्या खात्यात जातो. दोन्हींनी दवाखान्याची वाट बंद होते. कोणी म्हणालं करणी आहे, आणि बोट गावातल्या एका एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे गेलं. मोठा मुलगा तिथे ठाम उभा राहिला, म्हणून ते वाढलं नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण अशा वेळी म्हातारीला वाचवतो तो घरातला एक शहाणा माणूसच.

पुढे तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात "मेंदूत भ्रम झाला" म्हणून औषध सुरू झालं. दोन महिन्यांत आबाजी लाकडासारखे ताठ झाले, लाळ गळू लागली, चालताना तोल जाऊन पडले. औषध बंद केल्यावर हळूहळू मोकळे झाले. डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांमध्ये भ्रमावरच्या या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी ती द्यावी लागतात, पण थोड्या दिवसांसाठी, कमीत कमी मात्रेत, डोळ्यांत तेल घालून. आणि आबाजींना पुढे जो आजार निघाला त्यात तर अंग ताठ होण्याची भीती आणखी जास्त.

नाव सापडलं तो दिवस

नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो तेव्हा त्यांनी आबाजींना बाहेर बसवून आधी मावशींना आत घेतलं. मला वाटतं, निम्मं निदान तिथेच झालं. आबाजींना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मला काही झालेलं नाही. आणि ते खोटं बोलत नसते. आपल्याला काही झालं आहे हे कळणंच या आजारात जातं.

मग साध्या चाचण्या. एका मिनिटात जितकी आठवतील तितकी जनावरांची नावं सांगा. जन्मभर जनावरांत राहिलेला माणूस: "बैल. गाय. म्हैस. बैल. गोऱ्हा. बैल." आणि गप्प. दुसरी, टेबलावर हात ठेवून मूठ, मग हाताची कड, मग तळवा, हाच क्रम पुन्हा पुन्हा. तो दोनदा जमला, पुढे नुसती मूठच आपटत राहिली. तिसरी, मी एक टिचकी मारली तर तुम्ही मारा, मी दोन मारल्या तर तुम्ही थांबा. आबाजी थांबू शकले नाहीत. रस्त्यात पैशाचं पाकीट सापडलं तर काय कराल? "पैसे घेईन, पाकीट फेकून देईन." वीस वर्षं मंडळाची वही सांभाळणारा माणूस हे बोलला तेव्हा मुलाने मान खाली घातली.

रक्ताच्या तपासण्या झाल्या: थायरॉइड, बी-१२, साखर, मूत्रपिंड, यकृत, सिफिलिस, एचआयव्ही. हे सगळं आधी पाहावंच लागतं. थायरॉइड मंदावणं, बी-१२ची कमतरता, डोक्याला मार लागून कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त, खोल नैराश्य यांनीही माणूस बदलल्यासारखा होतो आणि त्यातलं बरंच उपचाराने सुधारतं. बदल दोनचार दिवसांत एकदम झाला असेल तर लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग आधी शोधायचा. आबाजींच्या बाबतीत यातलं काही निघालं नाही. एमआरआयमध्ये कपाळामागचा आणि कानशिलाच्या पुढचा मेंदूचा भाग आक्रसलेला दिसला. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, त्यातही वागणूक बिघडवणारा प्रकार.

हा प्रकार नवा नाही. प्रागमधले डॉक्टर आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये याच कुळातल्या एका रुग्णाचं वर्णन केलं होतं. अनेक वर्षं याला पिकचा आजार असंच म्हणत. बहुतेकांना तो ४५ ते ६५ या वयात गाठतो, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसालाच. भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये शंभरात सातांहून थोड्या जास्त जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त आहे, असा २०२३ मध्ये आलेला अंदाज सांगतो. त्यांतल्या बहुतेकांना अल्झायमर असतो आणि त्यात सहसा आठवण आधी जाते. पण सहसाच. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या दवाखान्यात ५१ वर्षांची ऑगस्टे डेटर दाखल झाली, तिच्यावरूनच डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी हा आजार जगापुढे मांडला. तिच्या घरच्यांना आधी खटकलं ते तिचं नवऱ्यावर अचानक संशय घेणं. म्हणजे डिमेन्शियाच्या पहिल्या गाजलेल्या रुग्णाच्या घरीही आधी स्वभावच बदलला होता.

डॉक्टर मावशींना समजावत होते: कपाळामागचा मेंदू माणसाला आवरतो. मनात आलं तरी बोलू नये, हात पुढे गेला तरी मागे घ्यावा, दुसरा रडला तर आपण थांबावं, हे तिथून होतं. तोच भाग झिजतो आहे. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे कासरा तुटला म्हना की."

डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हो, तेच."

परतीच्या बसमध्ये वर्ध्यापर्यंत कोणी बोललं नाही. मग मुलगा एवढंच म्हणाला, "मी मारलं असतं नं बाबाले त्या दिवशी."

इसारपावती

निदान झाल्यावर पंधरा दिवसांत कळलं की रस्त्याला लागून असलेले दोन एकर आबाजींनी एकाला द्यायचं कबूल करून ५० हजार रुपये इसार घेतला आहे. चालू भावाच्या निम्म्याहून कमी किमतीत. त्या पैशांपैकी निम्मे उरले होते. बाकीचे कुठे गेले हे आबाजींनी मोकळेपणाने सांगितलं: बाजारात जिलेबी, आणि कोणी मागितले त्याला दिले.

घरच्यांना वाटलं, वावर गेलं. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ नुसार करार करताना माणसाला त्या कराराचा अर्थ कळला पाहिजे आणि आपल्या हिताचा विचार करता आला पाहिजे. तसं नसेल तर तो करार टिकत नाही. डॉक्टरांचा दाखला, पावतीच्या तारखेआधीचे कागद आणि गावातली चार माणसं यांच्यासमोर बसणं झालं. घेणारा माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मले का माईत, बोलत तं चांगले व्हते." मुलाने इसार परत केला, निम्मा कर्ज काढून.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण खेड्यात ती कोणी सांगत नाही. लोक म्हणतात, मुखत्यारपत्र करून घ्या. पण मुखत्यारपत्र देणाऱ्याला ते देताना समज असावी लागते, आणि पुढे त्याची समज पूर्ण गेली की साधं मुखत्यारपत्रही कायद्याने संपतं. तोवर काही केलं नसेल तर उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. म्हणून बँकेतलं खातं, शेतीचे कागद, पीककर्ज यांची निरवानिरव आजार कळताच, माणसाला अजून समजतं आहे तोवर करायची. आबाजींच्या घरी त्यातलं थोडंच साधलं. खातं मावशींच्या नावासोबत जोडता आलं. वाटणीचं राहिलं.

घरात काय केलं

हा आजार थांबवणारं औषध आज नाही. अल्झायमरमध्ये देतात ती डोनेपेझिलसारखी औषधं इथे उपयोगी पडत नाहीत, उलट चिडचिड वाढू शकते. नैराश्यावरच्या गटातली सर्ट्रालिन नावाची गोळी सुरू झाली. तिने गोडाची ओढ थोडी उतरली, पंपावरचं बोलणं कमी झालं. थोडंच, पण घराला श्वास घेता आला.

बाकी सगळं घराने केलं. साखर आणि गूळ कोठीच्या खोलीत, कुलपात. दुकानदाराच्या घरी मुलगा स्वतः गेला, एमआरआयचा कागद घेऊन. वाचता कोणालाच येत नव्हता, पण कागद पाहिल्यावर माणसाचा आवाज खाली येतो. ठरलं असं की रोज दहा रुपयांचा एकच पुडा समोर ठेवायचा, बाकी बरण्या काउंटरच्या मागे, आणि दर शनिवारी हिशोब. आता तोच दुकानदार पुडा फोडून हातात देतो आणि पांदणीच्या वाटेला लावून देतो.

चालणं अडवायचं नाही, असं आम्ही ठरवलं. वाट ठरलेली आहे हाच आधार आहे. पांदणीच्या कडेला ज्यांची वावरं आहेत त्या पाच घरांना सांगून ठेवलं. आबाजी कधी, कुठे दिसले हे एकमेकांना कळतं. शर्टाच्या आतल्या खिशाला मुलाचा फोन नंबर शिवला आहे.

वाद घालायचा नाही, हे सगळ्यांत अवघड गेलं. "लाज नाही वाटत का" हे वाक्य मावशींच्या तोंडी बसलं होतं. लाज वाटण्याची जागाच झिजली आहे, मग ते विचारून काय होणार? त्याऐवजी लहान आणि सरळ हुकूम: "चला, बैल सोडाचे हायेत." हे चालतं. निम्म्या वेळा चालतं, निम्म्या वेळा नाही.

सुनेबद्दल वेगळं बोलावं लागेल. दोनतीन नातेवाइकांनी तिला सांगितलं, "आजारी माणूस हाय, मनावर घेऊ नको." मला हे अजिबात मान्य नाही आणि मी त्या घरात तसं स्पष्ट बोलले. सासऱ्यांचं वागणं आजारामुळे आहे, त्यांना दोष देऊ नये, हे खरं. पण म्हणून तिने ते सोसावं असं होत नाही. तिच्या न्हाणीला आतून कडी बसली. आबाजींची आंघोळ मुलगा घालतो, सून नाही. घरात आबाजी आणि ती दोघंच राहतील अशी वेळ येऊ द्यायची नाही, हे मावशींनी स्वतःहून पाळलं. वर्षभराने सून मला म्हणाली, "आता मले त्यायची भीती नाई लागत, कीव येते." ती कडी बसली नसती तर कीव आली नसती असं मला वाटतं.

बहिणीला मुलगा घेऊन आला. तिला तेरवीच्या दिवसाबद्दल समजावलं. ती खूप वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "मंग माहा भाऊ मेला तेरवीच्या आधीच." तिने परत यायला सुरुवात केली आहे. यंदा दिवाळीनंतर आठ दिवस ती इथे येऊन राहिली आणि मावशी लेकीकडे जाऊन झोपल्या. नुसत्या झोपल्या.

कारण मावशींचा रक्तदाब वाढला आहे, मनगट थंडीत ठणकतं, आणि त्यांचं दुःख कोणाला दिसत नाही. नवरा मेला असता तर गाव बसायला आलं असतं. इथे नवरा ओट्यावर बसलेला आहे. एकदा त्या म्हणाल्या, "माणूस समोर हाय अन् मी त्याची वाट पाहून रायलो." माझ्याजवळ यावर उत्तर नव्हतं. मी त्यांना टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतीच्या फोनचा नंबर लावून दिला, १४४१६. हा फोन २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि सांभाळणारा माणूसही तिथे स्वतःसाठी बोलू शकतो. त्या दोनदा बोलल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "तुमीच येत जा."

पुनःपुन्हा तेच करण्याची जी ओढ आहे, तिला काम द्यावं असं डॉक्टर म्हणाले होते. आम्ही वाती वळायला दिल्या, सरकी निवडायला दिली. दोन दिवसांत फेकून दिलं. मग मोठ्या मुलाला आठवलं की पोळ्याच्या आधी घरच्या बैलांचे दोर आबाजी स्वतः वळायचे, अंबाडीचे. त्याने अंबाडी आणून खुंटीला अडकवली आणि काही न बोलता निघून गेला. आबाजी बसले. पीळ कुठे द्यायचा, कुठे सोडायचा, हातांना सगळं माहीत होतं. दुपारच्या चालण्याची वेळ टळून गेली तरी उठले नाहीत. गेल्या वर्षी गावातल्या अकरा घरच्या बैलांना आबाजींच्या हातचे कासरे होते. हातपंपावर काठी घेऊन आलेल्या शेजाऱ्यानेही एक नेला.

यंदा हात मंदावले आहेत. बोलणं फार कमी झालं, समोरच्याचं शेवटचं वाक्य तेच परत म्हणतात. घास तोंडात कोंबतात, ठसका लागतो, म्हणून भाकरी कुस्करून, थोडी थोडी द्यावी लागते. हातातली ताकद कमी होते आहे का यावर डॉक्टर लक्ष ठेवून आहेत, कारण या आजाराच्या जोडीने काहींचे स्नायूही जातात. किती वर्षं, हे मुलाने विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिथे होते. खांदशेकणीचा दिवस. मुलाने लोणी आणि हळद वाटीत आणली. आबाजींनी वाटी घेतली, लोणी खाल्लं नाही, बैलाच्या खांद्याला चोळायला लागले, जोखड टेकतं नेमकं तिथे. मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दर वर्षी म्हणायचे तसंच.

आणि मग ते वाक्य अडकलं. दुसऱ्या बैलाला, नातवाला, दूध घालायला आलेल्या पोराला, मला. गोठ्यातून ओट्यावर आले तरी तेच. मावशी चुलीपाशी होत्या. आबाजी दारात उभे राहून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मावशींनी वर पाहिलं. "हाव, येतो," म्हणाल्या.

ते पुन्हा म्हणाले. त्या पुन्हा म्हणाल्या, "हाव, येतो." मी निघेपर्यंत चाललं होतं.